भांगाच्या दिवशी तिसऱ्या

लग्न होऊन मी महाडला आले त्याच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी एका वाक्यात माझी झोप उडवली. सकाळी उठून बघते तर नवरा घरात नाही. हे शाळेत मास्तर, पण शाळेला सुट्टी होती. कुठे गेले म्हणून विचारलं, तर चुलीतली राख ओढता ओढता त्या म्हणाल्या, "तो तिसऱ्या आणायला गेलाय. संध्याकाळपर्यंत येईल घेऊन."

आता माझी बाजूही ऐका. मी फलटणकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, आणि विहिरीत बेडकांपलीकडे काही राहत नसे. खाडीतल्या शिंपल्यांना तिसऱ्या म्हणतात आणि माणसं त्या मिटक्या मारत खातात, हे आमच्या घराण्यात कुणाच्या कानावर आलेलं नव्हतं. त्यात मला बिजवराला दिलेली. ह्यांची पहिली बायको तापानं गेली, मी दुसरी. आणि हळद उतरते न उतरते तोच हा माणूस तिसरी आणायला गेला, तेही आईला सांगून, आणि तीही एक नव्हे, अनेकवचनात! मी मुळातच तापट. सरळ आत गेले आणि ट्रंक भरायला घेतली.

संध्याकाळी हे आले ते ओल्या पिशवीतून पाणी गाळत. सासूबाईंनी पिशवी परातीत उलटी केली आणि खडखडत शिंपल्यांचा ढीग पडला. माझी भरलेली ट्रंक बघून घरात जे हसणं झालं ते पुढे कित्येक वर्षं पुरलं. पाहुणा आला की आधी चहा, मग माझ्या ट्रंकेची गोष्ट.

पण ह्या तिसऱ्या कुठून येतात ते कळलं तेव्हा माझं हसू मावळलं. दासगावच्या पुढे खाडीकाठी एक वाडी होती. तिथे पहिलीची आई एकटी राहायची. मुलगा मुंबईला, नवरा कधीच वारलेला. हे सवड मिळेल त्या उधाणाला तिच्याकडे जायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचं पाणी खूप लांब हटतं, चिखल उघडा पडतो, आणि वाडीतल्या बायका पायानं चाचपून तिसऱ्या काढतात. हे त्यांच्याबरोबर चिखलात उभे राहायचे, म्हातारीच्या घरची दोन कामं उरकायचे, आणि परत यायचे. तिसऱ्या हे निमित्त होतं, हे समजायला मला फार अक्कल लागली नाही.

पहिलीबद्दल घरात चोरून बोललं जात नसे, पण ह्यांच्या तोंडून तिच्याबद्दल शब्द निघत नसे. सासूबाई मात्र सांगायच्या. भर पावसाळ्यात ताप आला, सावित्री नदीला पूर, महाडात पाणी शिरलेलं, रस्ता बंद. खाडीकाठी निरोप पोचला तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. आईला लेकीचं तोंडसुद्धा दिसलं नाही.

माझ्या गळ्यात तिचा टाक होता. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उमटवलेली बाईची आकृती, काळ्या दोऱ्यात ओवलेला. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं नेसायच्या आधी तिला दाखवायचं, ही रीत आमच्याकडेही होती, म्हणून मला त्याचं नवल वाटलं नाही. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी तो बांधताना कानात सांगितलं होतं, "ती गरीब होती स्वभावानं. तुला त्रास द्यायची नाही." मी मनात म्हटलं, माझ्याकडून तिला होऊ नये म्हणजे झालं.

दुसरी रीत अशी की पहिलीचं माहेर तेच दुसरीचं माहेर. पहिलीच्या आईनं दुसरीला लेक मानायचं. माझी आई मी परकर नेसत होते तेव्हाच गेलेली. त्यामुळे ह्या आयत्या मिळणाऱ्या आईवर माझा डोळा होता, हे मी सरळ सांगते. पहिल्यांदा हे मला वाडीवर घेऊन गेले तेव्हा मी वाटेत दहा वेळा पदर सारखा केला असेल. म्हातारी दारात उभी होती. बारीक चणीची, ताठ, डोळे किलकिले करून बघायची सवय. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, टाकाकडे बघितलं. मग म्हणाली, "या, मास्तरीणबाय. बसा."

गूळपाणी दिलं, चोळीचा खण दिला, ओटी भरली. रीत म्हणून जे करायचं त्यात तिनं तसूभर कमी केलं नाही. पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ही बाई सगळ्या जगाला 'गो' म्हणते. शेजारणीला 'काय गो', शेळीला 'चल गो', अंगणात आलेल्या कोंबडीला 'मर गो मेले'. मला मात्र 'अवो मास्तरीणबाय'. कोंबडीइतकंही आपलं नातं नाही, ह्या विचारानं परतीच्या वाटेवर मला रडू आलं आणि रागही आला. ह्यांना वाटलं, ऊन लागलं.

पुढच्या उधाणाला मी हट्टानं चिखलात उतरले. पहिलीचा हात म्हणे असा होता की बाकीच्या बायकांची टोपली अर्धी व्हायच्या आत तिची शीग लागायची. मी गुडघ्यापर्यंत रुतले. एक चप्पल चिखलानं गिळली ती गिळलीच. पायाला लागेल ते उपसत गेले तर हाती आले दोन शिंपले, त्यातला एक मेलेला, आणि बाकी खडे. बायका पदराआड हसत होत्या. "घाटावरची हाय ती, तिला काय कळतंय," असं एकीनं म्हटलेलं मला ऐकू आलं. काठावरून म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मास्तरीणबाय. तुमचं काम नाय ते." ती प्रेमानं म्हणाली असती तर मी खरंच राहू दिलं असतं. ती पाहुणीला म्हणतात तसं म्हणाली. मी घरी येऊन पाय धुतानाच ठरवलं की ह्याच खाडीतून टोपली भरून काढायची आणि हिच्या पुढ्यात ओतायची.

हे शाळेत विज्ञान शिकवायचे. माझा चिखलातला पराक्रम त्यांनी पाहिला होता. एकदा जेवताना म्हणाले, "तुला पोहता येतं ना? मग पायानं कशाला शोधतेस? पाण्यात तोंड घालून डोळ्यांनी बघ." मला पोहता येत होतं. वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत टाकून शिकवलं होतं. खाडीकाठच्या बायकांना मात्र पोहता येत नसे. त्या कमरेपुढच्या पाण्यात पाऊल टाकत नसत. "पण पाण्यात डोळे उघडले की सगळं धूसर दिसतं," मी म्हटलं. "त्याला काच लागते," हे म्हणाले, आणि धाकट्या भावाला निरोप धाडला.

भावोजी मुंबईला गोदीत होते. होळीला आले ते एक पोतडी घेऊनच. "वहिनी, एकदम फर्स्ट क्लास माल हाय. नेव्हीवाल्यांचा. देखो तो सही." पोतडीतून तीन पाणचष्मे निघाले. ह्या तिन्हींतला एक निवडायचा, बाकीचे ते परत नेऊन विकणार. त्या घरात लग्नाचा शालूसुद्धा इतक्या बारकाईनं निवडला गेला नसेल.

पहिला होता दोन सुट्ट्या काचांचा, डोळ्यांपुरता. दिसायला सुबक. पण रबर डोळ्यांच्या खोबणीत असं रुतायचं की काढल्यावर मी घुबडासारखी दिसायचे, आणि नाक उघडं राहायचं. नाक उघडं म्हणजे तोंडानं श्वास घेताना चुकून नाकानं ओढला की पाणी आत. दुसरा मोठा, एकसंध काचेचा, डोळे आणि नाक दोन्ही झाकणारा, काळ्या रबराचा. त्याची कड जुनी होऊन जागोजागी चिरली होती. तिसरा म्हणजे अजब प्रकरण. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा त्यात, वर शिंगासारखी नळी, नळीच्या टोकाला जाळी आणि जाळीत एक चेंडू. पाण्यात गेलं की चेंडू वर चढून नळीचं तोंड बंद करणार. भावोजींचं मत अर्थातच तिसऱ्याला, कारण तो सगळ्यांत महाग होता.

विकणाऱ्यानं भावोजींना एक युक्ती सांगितली होती. चष्मा पट्टा न लावता तोंडावर नुसता दाबायचा आणि नाकानं श्वास आत ओढून हात सोडायचा. चिकटून राहिला तर आपल्या तोंडाचा, पडला तर परक्याचा. मी आरशासमोर हाच उद्योग करत होते तेव्हा सासूबाई आत आल्या. "हे कसलं सोंग?" मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, "आण बघू." तो शिंगवाला त्यांच्या तोंडावर असा घट्ट बसला की काढायला मला आणि भावोजींना दोघांना लागावं लागलं. मग त्यांनी तो परत घातला आणि खोबरं खवायला बसल्या.

माझ्या तोंडाला तो मोठा पडला. बादलीत तोंड घालून बघितलं तर जाळीतला चेंडू वरच अडकला आणि माझा श्वास कोंडला. म्हणजे तो बाद. सुट्ट्या काचांचा नाकामुळे बाद. राहिला मधला, काळा. तो चिकटायचा पण चिरांमधून हळूहळू पाणी आत यायचं. शिवाय त्याची वरची कड नेमकी कुंकवावर बसायची आणि कपाळ पांढरं व्हायचं, ते सासूबाईंना खपेना. त्यांनी कुंकवाखाली लावायचं मेण घेतलं आणि माझ्या कपाळाला जाड लेप दिला, कुंकू पक्कं राहावं म्हणून. कुंकू काही राहिलं नाही, पण ते मेण रबराला लागलं आणि तेवढ्या भागातून पाणी यायचं थांबलं. मग आम्ही सगळ्या कडेनं मेण भरलं. चष्म्यातून थेंब आत येईना. भावोजी म्हणाले, "नेव्हीवाल्यांना सांगायला पायजे, वहिनी, कुंकू लावा म्हणून."

काचेवर धुकं धरायचं, त्यावर उपाय थुंकीचा. काचेला आतून थुंकी चोळून पाण्यानं विसळायची. सासूबाई "शी!" म्हणून उठून गेल्या, पण उपाय खरा होता. नेसायला मी सासूबाईंचं जुनं नऊवारी घेतलं, कासोटा घट्ट मारला की पाण्यात पायांत येत नाही. पायात ह्यांचे कवायतीचे कॅनव्हासचे बूट, कारण खडकांना चिकटलेली कालवं, तीही शिंपल्यांचीच जात, ब्लेडसारखी पाय कापतात. वाळू उकरायला स्वयंपाकघरातलं उलथनं. आणि टोपली पाण्यावर तरंगावी म्हणून मोटारीच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून तिच्या मधोमध टोपली बसवली, दोरी माझ्या कमरेला.

नळी तेवढी राहिली. ह्यांनी ओळखीच्या कंपाउंडरकडून लाल रबराची नळी आणली. ती नळी दवाखान्यात कुठल्या कामाला वापरतात हे मला ठाऊक होतं. "नवी आहे," हे शपथेवर सांगत होते. असेल नवी. पण तोंडात धरली की त्या कामाचीच आठवण यायची आणि मी ती लगेच थुंकून टाकायचे.

सराव करायला आम्ही पोलादपूरच्या पुढे ह्यांच्या मामांकडे गेलो. तिथे सावित्री अजून लहान आहे, तळ गोट्यांचा, पाणी निवळ. मामांच्या परड्यात पपईची झाडं होती. मी लहानपणी पपईच्या देठाच्या पुंग्या केलेल्या, त्यामुळे तो आतून पोकळ असतो हे मला सांगावं लागलं नाही. लांब हिरवा देठ तोडला, दोन्ही टोकं कापली, धुतला, तोंडात धरला. नाक चष्म्यात बंद, देठाचं टोक पाण्याबाहेर. श्वास आरामात चालला. चव जरा कडवट होती, पण त्या लाल नळीपेक्षा शंभर पटींनी बरी. "लाल नळी लांबून दिसते, ती बरी," हे म्हणाले. मी ऐकलं नाही. काठावर मामी टॉवेल घेऊन उभ्या होत्या. "पपयाचा देठ तोंडात धरून बाय पान्यात पडलीय, कुनी बघितलं तर काय म्हनंल?" असं त्या सारख्या म्हणत होत्या.

मी पाण्यात तोंड घातलं आणि पहिल्यांदा नदीचा तळ पाहिला. गोट्यांवर उन्हाची जाळी हलत होती. बोटाएवढे मासे माझ्या हाताजवळ येऊन थांबत आणि नाक वळवून जात. पाण्याखाली सगळं मोठं आणि जवळ दिसतं. हात घालावा तर वस्तू वीतभर पलीकडे. फलटणच्या विहिरीत मी वर्षानुवर्षं पोहले, पण पाण्याला आतून काही असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी इतका वेळ तशीच पडून राहिले की हे पाण्यात उतरून मला हलवायला आले. वर येऊन मी हसत सुटले. त्या दिवसाइतकी खूष मी त्या घरात तोवर कधी झाले नव्हते.

एक गोष्ट तिथेच कळली. पाय मारला की गाळ उठतो आणि मग काही दिसत नाही. हात पसरून, अंग सैल सोडून, निपचित पडून राहायचं. मग तळ आपण होऊन दिसायला लागतो.

खाडीत मात्र हे कसं जमणार? उधाणाचं पाणी चहासारखं गढूळ. हे म्हणाले, "त्यासाठी भांगात जायचं." मी चमकले. "भांग पिऊन?" पुन्हा एकदा घर हसलं. भांग म्हणजे उधाणाच्या उलट, अष्टमीच्या आसपासचे दिवस. तेव्हा भरती फार चढत नाही आणि ओहोटी फार उतरत नाही. पाणी जागच्या जागी सुस्त असतं आणि गाळ खाली बसतो. चिखल उघडा पडत नाही म्हणून त्या दिवसांत तिसऱ्यांना कुणी जात नाही. मला तेच हवं होतं. जे दिवस कुणाचे नाहीत ते माझे.

वाडीवर पोचलो तेव्हा म्हातारी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. आमचं सामान बघून तिनं डोळे किलकिले केले. "आज भांग हाय. भांगात कोन जातं तिसऱ्यांना?" मी म्हटलं, "मी जाते." तिनं पुढची शेंग उचलली. हे तिच्या घरावर घालायला पेंढा मिळतो का बघायला वरच्या आळीला गेले. म्हातारी सुपात शेंगा घेऊन माझ्यामागून काठावर आली आणि दगडावर बसली. माझ्यासाठी आली असं नाही, तिथे सावली होती.

जिथे गोड्या पाण्याचा पऱ्या खाडीला मिळतो तिथे चिखलाऐवजी वाळू आहे. छातीभर पाण्याचा तळ काठावरूनही दिसत होता. मी कासोटा मारला, बूट बांधले, काचेवर थुंकी चोळली. आणि मग लक्षात आलं की गळ्यातल्या टाकाचा दोरा जुना झालाय. कपड्याखाली ठेवला तरी ओला होऊन तुटला तर? मी तो काढला. ठेवायला जागा नव्हती. वाळूत ठेवणं बरं दिसलं नसतं. मी म्हातारीपुढे हात केला. "जरा धरता का?"

तिनं सूप बाजूला ठेवलं. हात पदराला पुसला, मग पुन्हा पुसला. मी टाक तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तोपर्यंत तो कधी हातात घेतला नव्हता, लांबूनच पाहिला होता. तिनं मूठ मिटली आणि मूठ मांडीवर ठेवली. "जावा तुमी," ती म्हणाली. मी गेले.

पाणी गार होतं. मी देठ तोंडात धरला, तोंड खाली घातलं आणि अंग सोडून दिलं. आधी नुसती पिवळट वाळू दिसली. मग वाळूवर एका खेकड्याची धावपळ. आणि मग हळूहळू बारीक भोकं दिसायला लागली, जोडीजोडीनं, पेन्सिलीनं टोचल्यासारखी. हे वाडीतल्या कुणी सांगितलेलं नव्हतं, कारण त्यांनीही कधी वरून पाहिलं नव्हतं. मी एका जोडीखाली उलथनं घातलं आणि उचकटलं. टपोरी तिसरी वर आली. तिच्या शेजारी आणखी एक. मी टोपलीत टाकत गेले. गाळ उठला की हात पसरून निपचित पडायचं, पाणी निवळलं की पुढची जोडी. कान पाण्यात होते. माझ्याच श्वासाचा आवाज देठातून येत होता, बाकी सगळं शांत. टोपली जड होत चालली होती, मला दोरीवर जाणवत होतं. आता ती बघेल, मी मनात म्हणत होते, आता बघेल.

कुणीतरी माझा अंबाडा धरला आणि डोकं मागे ओढलं.

देठ तोंडातून निसटला, नाकातोंडात खारं पाणी गेलं, चष्मा कपाळावर सरकला. मला वाटलं मगरच. डोळे उघडले तर म्हातारी. छातीपर्यंत पाण्यात, लुगडं फुगून चहूकडे तरंगतंय, डोळे फाटलेले. एका हातात माझा अंबाडा आणि दुसरा हात माझ्या काखेत. तिला पोहता येत नव्हतं. ती मला ओढत होती आणि ओरडत होती, "ये गो! वर ये गो पोरी! आलेय गो मी, आलेय! वर ये माझी बाय!"

तिला हिरवा देठ हिरव्या पाण्यावर दिसला नव्हता. तिला दिसलं होतं ते एवढंच की पोर पाण्यावर पालथी पडलीय, हात पसरलेत आणि हलत नाही. काठावरून किती हाका मारल्या असतील देव जाणे. त्या हाका माझ्यासाठी होत्या की जिच्यापर्यंत ती तेव्हा पोचू शकली नव्हती तिच्यासाठी, हे मी तिला कधी विचारलं नाही आणि मला ते जाणून घ्यायचंही नाही.

"मला पोहता येतं," मी ठसकत म्हटलं. "मी श्वास घेत होते. मला काही झालेलं नाही."

तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मग दुसरा. मग मला घट्ट धरलं आणि आम्ही दोघी एकमेकींना सावरत काठाला आलो. मागे दोरीला हिसका बसून टोपली कलंडली होती, तिसऱ्या होत्या तिथे परत गेल्या होत्या. म्हातारी वाळूत बसली. तिचे दोन्ही हात माझ्या दंडांवर होते, आणि दोन्ही उघडे होते.

ते तिला आणि मला एकाच वेळी दिसलं. तिनं आपला उजवा तळहात उलटा करून पाहिला, मग सुलटा. टाक कुठल्याच हातात नव्हता. मी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. "मी काढते. गाळ आत्ता बसेल, वाळूच आहे खाली, चांदी चमकेल. मी आत्ता काढते." मी खरोखरच काढला असता. ते पाणी, ती काच, तो भांग, सगळं त्यासाठीच असल्यासारखं होतं.

तिनं माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या बाईच्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"नाय उतरायचं."

"अहो पण तो टाक..."

"नाय म्हटलं ना गो! ती हाय तिथं बरी हाय. आपल्या गावात हाय ती. तू नाय उतरायचं पान्यात." आणि चष्मा माझ्या डोक्यावरून ओरबाडून काढून तिनं वाळूत फेकला, पदराचं टोक पिळलं, आणि माझं डोकं खसाखसा पुसायला लागली. केस ओढले जात होते, मान हलत होती, ती तोंडानं शिव्या देत होती, मला, चष्म्याला, मुंबईला, माझ्या बापाला ज्यानं मला पोहायला शिकवलं. मी मान खाली घालून बसले होते आणि रडत होते. पाण्यानं सगळं ओलंच होतं, त्यामुळे कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण तिला कळलं असावं, कारण पुसायचा जोर कमी झाला.

हे पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन उतरले ते आम्हाला बघून थांबलेच. भारा खाली टाकून धावत आले. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मोकळ्या गळ्याकडे, मग तिच्याकडे.

"काय झालं? टाक कुठाय?"

"पान्यात हाय," म्हातारी माझ्या डोक्यावरचा हात न काढता म्हणाली. "ते मागनं इचारा. आधी घरातनं सुकं लुगडं आना जावा. काकडलीय पोर माझी."